टपालातली माणसं आणि त्यांची तिकिटं: तुमचे नेहमीचे प्रश्न

मी सेलूचा, जिल्हा परभणी. टपाल खात्याच्या इतिहासातल्या माणसांवर निघालेली तिकिटं जमवतो, आणि आता जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या आमच्या मंडळींचे तेच तेच प्रश्न फोनवर यायला लागले म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिकडचा नंबर दिलाय, परत परत लिहायचा कंटाळा येतो.

१. टपाल इतिहासातली माणसं म्हणजे नेमकी कोण? पोस्टमन का?

पोस्टमन तर आहेच, पण तो शेवटचा. ज्यानं टपालाची पद्धत बदलली, नवीन वाट काढली किंवा पत्र पोचवायचं काहीतरी वेगळंच डोकं लढवलं, तो माणूस या विषयात येतो. तिकिटाची कल्पना लढवणारा इंग्लंडचा रोलँड हिल, सगळ्या देशांचं टपाल एका करारात बांधणारा जर्मनीचा हाइनरिख फॉन स्टेफान, आणि आपल्याकडे घोड्याची डाक बसवली असं ज्याच्याबद्दल शाळेत शिकवतात तो शेरशाह सूरी. नुसतं कोणीतरी कधीकाळी पोस्टात नोकरी केली आणि पुढे कवी झाला, तर तो माझ्या हिशोबात साहित्यिक, टपालवाला नाही. काहीजण त्यालाही धरतात, त्यावर भांडत बसू नका.

२. मी नवीन सुरू करायलोय, पहिलं काय घेऊ आणि खर्च किती येईल?

पहिल्या महिन्यात काहीच घेऊ नका. घरातली जुनी पत्रं, लग्नपत्रिकांची पाकिटं, एलआयसीची पाकिटं बघा, शेजाऱ्यांना सांगा. नंतर चपट्या टोकाचा चिमटा, एक साधं स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) आणि भिंग, एवढ्यावर वर्ष निघतं. चिमटा मात्र तिकिटांचाच घ्या, भुवया कोरायच्या चिमट्यानं तिकिटाच्या कडेचे दात तुटतात. आणि सगळ्या जगाचं जमवायच्या मागे लागू नका. आमच्यातल्या एकानं दीड वर्षात चार हजार तिकिटं जमवली, त्यातलं एक काढून याची गोष्ट सांग म्हटलं तर गप्प. दहा माणसं धरा, पण त्यांच्याबद्दल दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

३. स्मारक तिकीट आणि रोजचं तिकीट यात फरक कसा ओळखायचा?

रोजचं तिकीट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापतात, आकारानं बहुतेक लहान असतं. स्मारक तिकीट एखाद्या निमित्तानं निघतं, जन्मशताब्दी, खात्याची शंभरी, असं काही, ठरावीक संख्येनं छापतात आणि संपलं की संपलं. त्याच्यासोबत माहितीपत्रक, पहिल्या दिवसाचं पाकीट (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का बसलेलं) आणि खास शिक्का असतो. एक गंमत लक्षात ठेवा, टपालवाला माणूस रोजच्या तिकिटावरही सापडतो. जपानच्या आधुनिक टपालाचा बाप म्हणतात तो माएजिमा हिसोका, त्याचं तोंड त्यांच्या १ येनच्या साध्या तिकिटावर कितीतरी वर्षं आहे. दर वाढले की जुन्या तिकिटाला जोड म्हणून १ येनचं लावायचं, म्हणून ते कायम लागतंच.

४. भारतानं अशी कोणकोणती तिकिटं काढलीत? यादी देता का?

यादी देत नाही, पण मी ज्यांच्यापासून अल्बमचं पान सुरू करतो ते सांगतो.

सगळ्यात आवडतं १९९२ चं स्टीफन स्मिथचं. हा कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन माणूस, रॉकेटमध्ये पत्रं भरून उडवायचा. ३० सप्टेंबर १९३४ ला जहाजावरून सागर बेटाकडे पहिलं रॉकेट सोडलं, पुढच्या वर्षी सिक्कीमला जाऊन प्रयोग केले, आणि जून १९३५ मध्ये दामोदर नदीच्या पलीकडे रॉकेटातून एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवली, आणि दोन्ही जिवंत पोचली! हे पोरांना सांगितलं की पोरं तिकीट बघायला मागतात, एरवी कोण बघतंय.

मग १९६९ चं रफी अहमद किडवईंचं, त्यावर त्यांच्यासोबत टपालाचं विमान आहे. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री. १९४९ मध्ये त्यांच्या काळात रात्रीची हवाई डाक सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारी बाजूंनी विमानं रात्री नागपूरला यायची, तिथे थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. म्हणजे अख्ख्या देशाच्या पत्रांचा मोंढा मध्यरात्री नागपुरात भरायचा.

१९७० चं शेरशाह सूरी, १९८१ चं फॉन स्टेफान ही दोन सहज मिळतात. १९६१ च्या हवाई टपालाच्या सेटमध्ये हेन्री पेके हा फ्रेंच वैमानिक येतो, १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला साधारण ६,५०० पत्रं घेऊन गेलेला. अंतर किती, तर जेमतेम ६ मैल. आमच्या सेलूहून सायकलवर होईल एवढं. पण जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते.

५. आणि परदेशातली?

इंग्लंडचा हिल तर आहेच, त्याचं वेगळं सांगतो, प्रश्न ६ बघा. अमेरिकेचं १८४७ चं पहिलंच ५ सेंटचं तिकीट बेंजामिन फ्रँकलिनचं, तो तिथला पहिला पोस्टमास्टर जनरल, १७७५ चा. मूळ तिकीट आपल्या खिशाबाहेरचं, पण त्याच्यावर नंतर भरपूर तिकिटं निघाली ती घ्या. १९६३ चं मॉन्टगोमेरी ब्लेअरचं हवाई टपालाचं तिकीट मिळालं तर सोडू नका, १८६३ च्या पॅरिस परिषदेमागे हा माणूस होता, देशादेशांनी टपालाबद्दल एकत्र बसून बोलायची सुरुवात तिथली. जर्मनीनं १९६७ ला फ्रांझ फॉन टॅक्सिसचं काढलंय, त्याच्या घराण्यानं युरोपात घोडेस्वारांची डाक चालवली.

आणि युगोस्लाव्हियानं १९४८ ला लोव्रेन्स कोशिरची काढली. स्लोव्हेनियाचा हा माणूस, त्याच्या लोकांचं म्हणणं की तिकिटाची कल्पना हिलच्या आधी यानं मांडली होती. स्कॉटलंडवाले जेम्स चामर्सचं नाव घेतात. प्रत्येक गावाला आपलाच पैलवान मोठा, त्यातला प्रकार. मी तिघांनाही एकाच पानावर ठेवलंय.

फॉन स्टेफानबद्दल दोन ओळी जास्त, कारण लोक त्याला विसरतात. त्याच्या आधी परदेशी पत्र म्हणजे डोकेदुखी, प्रत्येक देशाशी वेगळा करार, वेगळा दर. ९ ऑक्टोबर १८७४ ला बर्नमध्ये २२ देशांनी सही केली आणि जागतिक टपाल संघटना उभी राहिली, भारत १८७६ ला आत गेला. ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो तो यामुळेच, आणि तो दिवस पाळायचा ठराव १९६९ च्या टोकियो परिषदेत भारताच्याच प्रतिनिधीनं मांडला होता.

६. रोलँड हिलची १९७९ ची तिकिटं ढिगानं मिळतात, ती खरी असतात का? एवढी कशी?

बहुतेक खरीच. हिल वारला १८७९ ला, त्याची शंभरी आली १९७९ ला, आणि जगातल्या कितीतरी देशांनी त्याच्यावर तिकिटं काढली, ज्यांच्याकडे टपाल कमी आणि समुद्र जास्त अशा छोट्या बेटांनी तर आणखी जोरात, कारण तिकीट विकायचं ते आपल्यासारख्यांना, पत्राला कोण लावतंय. त्यातली बरीच शिक्का मारूनच गठ्ठ्यानं विकलेली असतात, मागे डिंक तसाच आणि कोपऱ्यात सुबक पाव शिक्का. ती टपालातून गेलेली नाहीत एवढं समजून घ्या आणि स्वस्तात घ्या.

पैसे घालायचेच तर इंग्लंडचा स्वतःचा ऑगस्ट १९७९ चा चार तिकिटांचा सेट घ्या. १० पेन्सवर हिल स्वतः, पुढच्या दोनांवर जुने पोस्टमन आणि १५ पेन्सवर एक बाई आणि लहान मुलगी पत्रं घेऊन. मला तो सेट म्हणून आवडतो की चारात एकच साहेब आहे.

हिल पोस्टातला नव्हताच हेही सांगून ठेवतो, शाळा चालवणारा मास्तर. आधी पत्राचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. त्यानं १८३७ ला मांडलं की वजनावर एकच दर ठेवा आणि पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या. ६ मे १८४० पासून पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, चालू झालं. त्याचा खरा भरवसा मात्र तिकिटावर नव्हता, त्याच वेळी काढलेल्या चित्राच्या पाकिटावर होता, आणि त्या पाकिटाची लोकांनी इतकी टर उडवली की ते मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे हाच एक दर आला १ ऑक्टोबर १८५४ ला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, कुठूनही कुठेही.

७. मराठवाड्यात ही तिकिटं मिळतात कुठं? पुण्या-मुंबईला जावं लागतं का?

नवीन निघालेली हेड पोस्टात मिळतात, पण सगळ्याच हेड पोस्टात फिलाटेलीची (म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीची) खिडकी असतेच असं नाही आणि असली तरी ती बघणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर बसवलेला असतो, तेव्हा आधी फोन करा. बरं पडतं ते फिलाटेली डिपॉझिट अकाउंट. २०० रुपयांपासून उघडता येतं, तुम्हाला काय पाहिजे ते फॉर्मवर लिहून द्यायचं, नुसती तिकिटं का पहिल्या दिवसाची पाकिटं पण, आणि नवीन तिकीट निघालं की खात्यातून पैसे वळते होऊन पार्सल घरी.

जुनी पाहिजे असतील तर रद्दीवाले. खरं सांगतो, माझा निम्मा संग्रह रद्दीचा आहे. मोंढ्यातल्या जुन्या आडत दुकानांची वाटणी होते, माळे रिकामे होतात, तेव्हा चोपड्यांसोबत पत्रांचे गठ्ठे निघतात आणि किलोवर जातात. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, चहा पाजा.

८. पाकिटावरचं तिकीट काढायचं कसं? आणि काढायचंच का?

आधी ‘काढायचंच का’ याचं उत्तर. चौथीत असताना मी आजोबांच्या आडतीवरची पत्रं बादलीत टाकली. चाळीस-पन्नास असतील. निजामाची तिकिटं होती, मला फक्त चारमिनारचं चित्र पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत तिकिटं सुटली, मी ती भिंतीला चिकटवून वाळवली (हो, भिंतीला, ओल्या तिकिटाला तेवढा डिंक राहतोच), आणि पाकिटांचा लगदा झाला तो आईनं अंगणात टाकला. त्या पाकिटांवर सेलू, मानवत, परतूर, कुठकुठले शिक्के होते, मागे पोचल्याच्या तारखा होत्या, कोणत्या भावानं सरकी गेली ते होतं. तिकिटं अजून माझ्याकडे आहेत, चाळीस सारखी चारमिनारं. ती आज कोणीही देईल. तो लगदा कोणी देणार नाही.

म्हणून १९५० च्या आधीचं काहीही असेल, पाकीट फाडायचं नाही, तिकीट काढायचं नाही, पाकिटाची घडीसुद्धा बदलायची नाही. शिक्का नीट वाचता येत असेल तर अलीकडचंही काढू नका.

शिक्का पुसट, पाकीट फाटकं, तिकीट नेहमीचं, असं असेल तर काढा. चारी बाजूला बोटभर कागद ठेवून कापा, पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, चित्र वर करून पाण्यावर तरंगू द्या, वीसेक मिनिटांनी आपोआप सुटतं, ओढायचं नाही. बोअरचं जड पाणी नको, वाळल्यावर पांढरी खर राहते, फिल्टरचं घ्या. रंगीत पाकीट वेगळं भिजवा, रंग सुटतो. मग चित्र खाली करून टिपकागदावर वाळवा, वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. थोडं ओलसर असताना जाड वहीत दाबून ठेवा. पाण्यानं न सुटणाऱ्या स्टिकरसारख्या तिकिटांना कागदासकटच कापून ठेवायचं, रॉकेल, थिनर असले उद्योग करू नका.

९. आजोबांच्या पेटीत निजामाची तिकिटं सापडली. या विषयात बसतात का? भारी किंमत आहे का?

किमतीचं आधी: बहुतेक नाही. ४ पै, ८ पै आणि चारमिनारचं १ आणा ही एवढी छापली की अजून किलोनं निघतात. पण मोल आहे, विशेषतः आपल्याला.

हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, पहिलं तिकीट १८६९ चं, आणि ते टपाल १ एप्रिल १९५० ला भारतीय टपालात विलीन झालं. म्हणजे मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, पण तिकीट पुढे दीड वर्ष जुनंच चालत होतं. बऱ्याच तिकिटांवर किंमत मराठीतही लिहिलेली दिसते, भिंगानं बघा. १९३१ ची चित्रांची मालिका तर घरचीच: ८ आण्याला अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, १ रुपयाला दौलताबादचा विजयस्तंभ, म्हणजे चांदमिनार. ही दोन मोठी मूल्यं जरा शोधावी लागतात.

तिकिटावर उर्दूत काळं काहीतरी छापलंय, खराब आहे का, असं तीनजणांनी विचारलं. ते ‘सरकारी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचं तिकीट, खराब नाही. आणि काही तिकिटं पत्रालाही चालायची आणि पावतीलाही, त्यामुळे शिक्क्याऐवजी आडवी सही दिसली तर ती पावतीवरून काढलेली आहेत. संस्थानाचं तिकीट संस्थानातच चालायचं, मुंबईला पत्र टाकायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट लागायचं, म्हणून एकाच आडतीच्या गठ्ठ्यात दोन्ही सापडतात.

माणसांच्या विषयात ती थेट बसत नाहीत, त्यावर टपालवाला कोणी नाही. मी ती पार्श्वभूमी म्हणून एका पानावर ठेवतो, पूर्ण पाकिटासकट.

१०. तिकिटाला मधोमध भोक आहे. टाकून देऊ?

ते भोक तारेचं. आडतीवर आलेलं पत्र वाचून झालं की उभ्या तारेला टोचून ठेवायचे, वर्षाखेरीला सगळी माळ काढून माळ्यावर. म्हणून आपल्या भागातल्या जुन्या व्यापारी पत्रांना भोक असतंच. विकताना किंमत निम्म्याच्याही खाली जाते हे खरं. ठेवायला मात्र मी मुद्दाम ठेवतो, आणि खाली लिहितो की हे तारेचं भोक आहे. बाहेरचा माणूस बघतो आणि विचारतो, हा तार काय प्रकार आहे. लगेच बोलणं सुरू होतं.

११. कोरं घ्यावं की शिक्का मारलेलं?

दोन्ही, पण एकाच पानावर भेळ करू नका. कोरं असेल तर मागचा डिंक शाबूत पाहिजे, बोटाचा घाम लागलेला नको. शिक्क्याचं असेल तर शिक्का वाचता आला पाहिजे आणि चेहऱ्यावर काळा गोळा बसलेला नको. माणसांच्या तिकिटात चेहराच महत्त्वाचा म्हणून मी इथे जरा कोऱ्याकडे झुकतो. पाकिटांचा नियम वेगळा, तो प्रश्न ८ मध्ये आलाय.

१२. उन्हाळ्यात तिकिटं गुंडाळी होतात आणि पावसाळ्यात चिकटतात, काय करावं?

आपल्याकडे हा खरा त्रास. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, हवा कोरडी, कोऱ्या तिकिटाचा डिंक आकसतो आणि तिकीट बिडीसारखं वळतं. जबरदस्ती सरळ करू नका, चीर जाते. स्टॉकबुकमध्ये घालून वर वजन न ठेवता आडोशाच्या खोलीत ठेवा, कूलरच्या झोतात तर अजिबात नको. पावसाळ्यात उलटं, डिंक ओल धरतो आणि तिकीट पानाला बसतं. स्टॉकबुक कपाटात उभं ठेवा, आडवी थप्पी नको, औषधाच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून कपाटात टाका, आणि श्रावणात उघडीप पडली की पंख्याखाली पानं चाळा.

कसर लागते ती वेगळीच, तिला डिंक फार आवडतो. डांबरगोळी कपाटाच्या कोपऱ्यात कापडात बांधून ठेवा, पानाला लागू देऊ नका. पत्र्याच्या खोलीत किंवा भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, वाळवीनं आमच्या एका मित्राचे दोन अल्बम आतून खाल्ले, वरून पुठ्ठा जसाच्या तसा.

१३. चित्रात ठरावीक माणूसच नाही, नुसता हरकारा पळताना आहे. चालेल का?

चालेल काय, त्याच्याशिवाय संग्रह अपुरा आहे. १९३७ च्या मालिकेत २ आण्याच्या तिकिटावर डाकेचा हरकारा आहे, राजाचं डोकं कोपऱ्यात आणि हा पळतोय, आणि त्याच मालिकेत पुढे बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, बोट, लॉरी, विमान असे चढत जातात. १९५४ च्या शताब्दीच्या १ आण्यावरही हरकारा, उंट आणि बैलगाडी एकत्र आहेत. नाव कोणाचंच नाही.

या बिननावाच्या माणसाचा मराठवाड्याशी फार जुना धागा आहे. मोहम्मद तुघलकाच्या काळात इब्न बतूता आला, त्यानं पायी डाकेचं वर्णन लिहून ठेवलंय: थोड्या थोड्या अंतरावर चौकी, हातात घुंगरं लावलेली काठी, घुंगराचा आवाज आला की पुढचा तयार. सुलतान दौलताबादला असायचा तेव्हा त्याला प्यायला गंगेचं पाणी याच पायी डाकेनं यायचं, चाळीस दिवसांची वाट. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको. मोरोक्कोनं इब्न बतूताचं तिकीट काढलंय, मी ते हरकाऱ्याच्या शेजारी ठेवलंय, कारण माझ्या पानावर त्या पळणाऱ्याची साक्ष देणारा तोच एक.

कुत्रा चालेल का, असंही विचारलं होतं. अमेरिकेनं २०११ ला ओनी नावाच्या कुत्र्याचं काढलं, तो टपालाच्या रेल्वेतून थैल्यांवर बसून देशभर फिरायचा. माझ्या अल्बममध्ये आहे तो. मी काही फार सोवळ्यातला नाही.

१४. पिनकोड काढणाऱ्या वेलणकरांचं तिकीट कसं दाखवायचं?

श्रीराम भिकाजी वेलणकर, रत्नागिरीकडचे, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, कारण काय तर एकाच नावाची दहा गावं. माझ्या अल्बममध्ये त्यांचं तिकीट नाही, म्हणून मी पाकिटांनी पान केलंय: एकाच दुकानाला आलेली दोन पत्रं, एक १९७१ चं नुसतं ‘जि. परभणी’ लिहिलेलं, दुसरं १९७५ चं सहा चौकटींत आकडे भरलेलं. अक्षर एकाच माणसाचं आहे आणि आकडे इतके जपून काढलेत की परीक्षेचा नंबर लिहितोय असं वाटतं.

यात एक खोच आहे. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेडकडचे बहुतेक पिन ४३१ नं सुरू होतात, पण लातूर ४१३५१२ आणि धाराशिव ४१३५०१. पिन विभागाच्या नकाशावर चालत नाही, टपालाच्या वाटेवर चालतो, त्यामुळे ते दोघे सोलापूरच्या बाजूला पडले. पान लावताना मराठवाडा म्हणून सगळे ४३१ लिहू नका, लातूरचे लोक लगेच पकडतात.

१५. जिवंत माणसाचं तिकीट निघत नाही ना? मग सचिनचं कसं?

सर्वसाधारण रीत तीच, गेलेल्या माणसाचंच. पण अपवाद आपल्याच माणसापासून सुरू झाला, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं १९५८ ला, त्यांच्या शंभरीला, ते स्वतः असताना. नंतर विश्वेश्वरय्यांचं १९६० ला, मदर तेरेसांचं १९८०, तेंडुलकरचं २०१३.

१६. माय स्टॅम्पवर आमच्या पोस्टमन काकांचा फोटो घेतला, तो या संग्रहात धरू का?

घरच्या अल्बममध्ये खुशाल धरा, स्पर्धेत नको. माय स्टॅम्पमध्ये अर्धा भाग खात्याचं तिकीट आणि शेजारचा भाग तुमचा फोटो, १२ चा शीट बरीच वर्षं ३०० रुपयांना होता, जायच्या आधी विचारा. परीक्षक त्याला स्मारक तिकीट मानत नाहीत. पण त्यातलं एक पाकिटावर लावून काकांच्याच बीटवरून स्वतःला पाठवून घ्या, मग त्याला टपालाचा शिक्का बसतो आणि ते नुसता फोटो राहत नाही.

१७. ऑनलाइन ८०० रुपयांत पेनी ब्लॅक मिळतंय, घेऊ?

नका घेऊ. पेनी ब्लॅक दुर्मीळ नाही, ६ कोटी ८० लाखांहून जास्त छापली होती, पण ८०० ला फाटकंही मिळत नाही. ओळखायचं तर: त्याला दात नसतात, कात्रीनं कापलेलं असतं; खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं असतात; देशाचं नाव कुठेच नसतं. फोटोत दात दिसले की विषय संपला. बऱ्याचदा ते एखाद्या देशानं पेनी ब्लॅकचं चित्र छापलेलं दुसरंच तिकीट असतं, विकणाऱ्यालाही कळत नाही. सिंध डाकचंही तसंच, १८५२ चं कराचीचं, सिंधचा इंग्रज कमिशनर बार्टल फ्रिअर याच्या काळातलं, आशियातलं पहिलं तिकीट. नुसतं पांढऱ्या कागदावर उठवलेलं चित्र दाखवून कोणी विकत असेल तर हात जोडा. त्यापेक्षा पाकिस्ताननं १९५२ ला त्याची शंभरी म्हणून काढलेली दोन तिकिटं घ्या.

१८. पोरगी सातवीत आहे, यातून स्कॉलरशिप मिळते म्हणे?

मिळते. दीनदयाळ स्पर्श योजना, २०१७ पासून, सहावी ते नववीच्या मुलांना, वर्षाला ६,००० रुपये. शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्य असावं, क्लब नसेल तर मुलाच्या नावानं स्वतःचं डिपॉझिट अकाउंट चालतं (प्रश्न ७), मागच्या वर्षी ६० टक्के लागतात. आधी प्रश्नमंजूषा, मग प्रकल्प. प्रकल्प बापानं करू नये, कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनाही ती चालते हे आपल्याकडे कितीतरी गुरुजींना माहीत नाही.

१९. स्पर्धेत लावायचं तर पानं कशी करायची?

एक फ्रेम म्हणजे १६ पानं, तेवढ्यानंच सुरुवात करा. पानावर मजकूर कमी, एका तिकिटाला दोन-तीन ओळी. जन्मतारीख-मृत्यूतारखेच्या क्रमानं लावू नका, सगळे तसंच लावतात आणि परीक्षक तिसऱ्या फ्रेमला जांभया देतात. वाटेवर लावा: पायी, घोडा, रेल्वे, विमान, रॉकेट, आणि प्रत्येक वाटेवर तिचा माणूस.

२०. आमच्या वाडीच्या शाखा डाकघराचा शिक्का नीट मिळेल का? आणि तो कसा घ्यायचा?

मिळतो, मागितला तर. पाकिटावर तुमचं आवडतं स्मारक तिकीट लावा, स्वतःचाच पत्ता लिहा, आणि दुपारी गर्दी नसताना ग्रामीण डाक सेवकाला सांगा की जरा जपून मारा. निम्मा शिक्का तिकिटावर, निम्मा पाकिटावर, चेहरा सोडून. पॅड सुकलेलं असेल तर आधी रद्दी कागदावर दोनदा मारून बघायला सांगा. मग ते पाकीट टपालातच जाऊ द्या, हातात घेऊन घरी नेऊ नका, कारण पोचल्याची तारीख दुसऱ्या शिक्क्यानं आली तर उत्तमच. हातात घेतलंच तर वाळू द्या. मी मागच्या दिवाळीला लगेच वरच्या खिशात घातलं होतं, पाकिटावर तारीख पुसट आणि पांढऱ्या शर्टावर अगदी स्वच्छ, गावाच्या नावासकट.